मान कशात मोजावा? आदिवासी स्त्रियांचे नेतृत्व आणि ग्रामसभेचा कायदा

पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांवर जुन्या रीतीने लग्न होते तेव्हा ते भटजी लावत नाहीत, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी मुखोद्गत असलेली आणि विधींचा क्रम जाणणारी बाई. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. त्याआधी घरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिला जातो (वारली लोक चौक काढत नाहीत, लिहितात), त्यात पालघट देवी बसते, आणि हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा असतो. पुढे १९७० च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि कापडावर उतरली, जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोहोचली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या थोरवीविषयी शंका नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या हा चौक लिहीत आलेल्या बायकांपैकी एकीचे तरी नाव आठवून पाहावे, म्हणजे आपल्याकडे मान कोणापर्यंत पोहोचतो आणि कुठे अडतो हे लक्षात येते. भिंतीवरच्या चौकाखाली सही नसते.

दरवर्षी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन साजरा होतो. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी या दिवसासाठी निवडलेला विषयच पारंपरिक ज्ञान जपण्यात आणि पुढच्या पिढीला देण्यात आदिवासी स्त्रियांची भूमिका हा होता. अशा दिवशी शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात, आणि ते योग्यच आहे. पण मानाचे आणखी एक रूप असते: गावाच्या निर्णयात बाईचे मत मोजले जाणे आणि जमिनीच्या कागदावर तिचे नाव येणे. हे दुसरे रूप समारंभातून येत नाही, ते कायद्यातून आणि त्याच्या अंमलबजावणीतून येते. म्हणून या लेखात थोडे कायद्याच्या वाटेने जावे लागेल. ही वाट रुक्ष आहे, मात्र तिच्यावर काही शब्द फार मोलाचे सापडतात.

समानतेची गोष्ट आणि तिची दुसरी बाजू

आदिवासी समाजात स्त्री-पुरुष समान असतात, असे आपण सहज म्हणून टाकतो. या म्हणण्याला आधार आहे. अनेक जमातींत हुंडा नाही. उलट मुलाकडच्यांनी मुलीच्या वडिलांना देज द्यायचे असते. विधवेने पुन्हा लग्न करणे, न पटणाऱ्या नवऱ्याला सोडून जाणे, यांवर जेवढा कलंक इतर समाजांत लावला जातो तेवढा इथे लागत नाही. शेती, जंगल, बाजार या तिन्ही ठिकाणी बाई उघडपणे वावरते आणि मिळवते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोंड गावातला गायता किंवा भूमिया, वारल्यांचा भगत, जातपंचायतीतले पंच ही पदे बहुतेक ठिकाणी पुरुषांकडेच राहिली. गडचिरोलीतल्या माडिया आणि गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहायचे, ही रीत अनेक गावांत अजून आहे. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ केल्याच्या घटना घडत आल्या आहेत. अशा प्रकरणांत ती बाई पुष्कळदा विधवा असते आणि तिच्याकडे थोडीफार जमीन असते, हा योगायोग मानणे कठीण आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कोणाला अशा प्रकारे चेटूक करणारी ठरवून छळणे हा गुन्हा केला.

मालमत्ता आणि सत्ता या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असेही नाही. मेघालयातल्या खासी समाजात घराणे आईच्या नावाने चालते आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. पण त्याच समाजाच्या दरबारात, म्हणजे पारंपरिक गावसभेत, बसण्याचा अधिकार परंपरेने पुरुषांचाच. नागालँडमध्ये नागरी संस्थांत स्त्रियांसाठी ३३ टक्के जागा राखण्यावरून २०१७ साली मोठा उद्रेक झाला. त्या आरक्षणासह निवडणूक व्हायला २०२४ साल उजाडले. त्या राज्यात विधानसभेवर पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या त्याच मुळी २०२३ साली. परंपरेने बाईला काय दिले याचा हिशोब मांडताना घर आणि सभा यांची खाती वेगळी ठेवावी लागतात.

ग्रामसभा: मोजणीत बाई कुठे येते

आदिवासी भागातील गावकारभाराशी तीन कायदेशीर तरतुदींचा संबंध येतो आणि त्यांची नेहमी सरमिसळ होते.

पहिली ७३ वी घटनादुरुस्ती, १९९३ पासून लागू झालेली. तिने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. दुसरा १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत अशी क्षेत्रे आहेत. या क्षेत्रांत सर्व स्तरांवरील पंचायतींचे अध्यक्षपद अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. मात्र पेसाचा खरा गाभा ग्रामसभेत आहे. गौण वनोपजाची (बांबू, तेंदूपत्ता अशा, इमारती लाकडाखेरीजच्या जंगलातल्या उत्पन्नाची) मालकी, दारूवर बंदी घालण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा अधिकार, गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार असे बरेच काही त्याने ग्रामसभेच्या आणि पंचायतीच्या हाती दिले. तिसरा २००६ चा वनहक्क कायदा. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या, तिथे कसणाऱ्या लोकांना 'अतिक्रमणदार' म्हणण्याऐवजी त्यांचे हक्क मान्य करणारा हा कायदा आहे, आणि स्त्रियांच्या दृष्टीने तिन्हींत अधिक नेमका शब्द त्यातच आहे.

वनहक्क कायदा ग्रामसभेची व्याख्या करतो तेव्हा ती गावातल्या सर्व प्रौढांची सभा असल्याचे सांगून थांबत नाही. तीत 'स्त्रियांचा पूर्ण आणि अनिर्बंध सहभाग' असेल असे व्याख्येतच लिहितो. व्याख्येत लिहिण्याला महत्त्व आहे. एखादी गोष्ट नियम म्हणून लिहिली तर ती मोडली असे म्हणता येते. व्याख्येतच असेल, तर ती नसलेली सभा मुळात ग्रामसभा ठरते का, हा प्रश्न उभा राहतो. नियमांनी हे आणखी पक्के केले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या निम्म्यावर आहे, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समजा, एखाद्या गावात ३०० प्रौढ आहेत. मग किमान १५० जण हजर हवेत, आणि त्या १५० मध्ये किमान ५० बायका हव्यात. दोनशे पुरुष आले आणि बायका वीसच आल्या, तर गर्दी भरपूर झाली तरी गणपूर्ती झाली नाही. दाव्यांची छाननी करणाऱ्या १० ते १५ जणांच्या वनहक्क समितीतही एक तृतीयांश स्त्रिया बंधनकारक आहेत.

सरपंचपदाच्या आरक्षणाशी हे ताडून पाहावे. आरक्षणाने एक बाई खुर्चीवर बसते, आणि तिच्या शेजारी बसून कारभार हाकणारा 'सरपंचपती' महाराष्ट्राला नवा नाही. गणपूर्तीची अट मात्र पन्नास बायकांना सभेत आणते. पन्नास जणींच्या वतीने पन्नास नवरे बोलू शकत नाहीत. निदान तसे करणे फार अवघड जाते. एका खुर्चीपेक्षा सतरंजीवरच्या या पन्नास जागा मला अधिक मोलाच्या वाटतात.

पण बाईने सभेत यायचे तर सभा तिच्या पायांच्या आवाक्यात हवी. डोंगराळ भागात एका ग्रामपंचायतीत आठ-दहा पाडे किंवा टोले असतात आणि पंचायतीचे कार्यालय एखाद्या मोठ्या गावात. लेकरू कडेवर घेऊन, चुलीवरचे आटोपून, तीन-चार मैल चालत सभेला जाणे आणि अंधार पडायच्या आत परतणे बहुतेक बायकांना जमत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्यातील मतदार ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी करू शकतात. तसे झाले की त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते, आणि ती घराच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर भरते. कागदावर ही तरतूद सीमा आखण्याची आहे. प्रत्यक्षात बायकांच्या हजेरीवर तिच्याइतका परिणाम करणारी दुसरी तरतूद क्वचितच असेल.

ग्रामसभेच्या हाती काय येऊ शकते हे गडचिरोलीत दिसले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली तिथल्या ग्रामसभेने स्वतः बांबूविक्रीचे वाहतूक परवाने देण्यास सुरुवात केली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करायला घेतले. तेंदूचे काम पाहिलेल्याला ठाऊक असते की पहाटे अंधारात पाने तोडायला निघण्यात आणि दुपारी सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधत बसण्यात बायका आघाडीवर असतात. पूर्वी ठेकेदार ठरवील तो दर असे. ग्रामसभा दर ठरवू लागली, तेव्हा त्या ठरावावर हात वर करणाऱ्यांत पुडा बांधणारीही आली. कोरची तालुक्यात बचतगटांपासून सुरू झालेले स्त्रियांचे संघटन कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुढे ग्रामसभांपर्यंत नेले. तिथल्या ग्रामसभांनी मिळून बनवलेल्या महाग्रामसभेत पुरुषांबरोबर स्त्री प्रतिनिधीही पाठवायच्या, हा नियम त्यातूनच आला.

दारूचा प्रश्नही याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. लोकचळवळीनंतर १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि तीत बायकांचा मोठा वाटा होता. राज्याच्या इतर भागांत 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान सर्वांच्या परिचयाचे आहे: पुरेशा मतदारांनी, किंवा केवळ महिला मतदारांनीही, मागणी केली की गुप्त मतदान होते, आणि आडव्या बाटलीला बहुमत मिळाले की दुकान बंद होते. आदिवासी गावांत मात्र एक गुंता आहे. मोहाची दारू देवकार्यात लागते, जन्म-मृत्यूच्या विधींत लागते, आणि ती गाळून विकणाऱ्यांत काही बायकाही असतात. म्हणून पेसाने ग्रामसभेला बंदी किंवा नियमन असे दोन्ही पर्याय दिले, हे शहाणपणाचे झाले. विधीपुरती चालेल, विक्री चालणार नाही, असा ठराव गाव करू शकते.

जमिनीचा कागद

सर्वांत अवघड गाठ वारसाहक्काची आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. त्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला. पण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच म्हटले आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. हेतू असा होता की जमातींच्या रूढींत बाहेरच्या कायद्याने ढवळाढवळ करू नये. परिणाम असा झाला की गावातल्या कुणब्याच्या मुलीला जो हक्क मिळाला, तो शेजारच्या कोळी महादेव किंवा वारली मुलीला मिळाला नाही. तिचा वाटा रूढीवर सोडला गेला, आणि रूढी सांगणारे पंच पुरुष होते.

न्यायालये या प्रश्नाभोवती बरीच वर्षे घुटमळली. १९९६ साली छोटा नागपूरच्या कुळकायद्यावरील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला नाही, मात्र ज्या बायकांची उपजीविका त्या जमिनीवर आहे त्यांना तोवर संरक्षण दिले. २०२२ साली दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने आदिवासी मुलीचा दावा मान्य केला नाही, पण ही स्थिती बदलण्याचा विचार केंद्राने करावा असे सुचवले. जुलै २०२५ मधला निर्णय याहून पुढे गेला. छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांनी आजोळच्या मालमत्तेत वाटा मागितला होता. खालच्या न्यायालयांनी त्यांना विचारले होते की मुलीला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला: मुलीला वाटा मिळत नाही अशी रूढी असेल तर ती सिद्ध झाली पाहिजे, आणि ती सिद्ध नसताना केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, एवढाच हा बदल. पण ज्याच्या खांद्यावर ओझे, तो बहुतेक वेळा हरतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही माहीत असते. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, ही मूळ स्थिती मात्र तशीच आहे.

या पार्श्वभूमीवर वनहक्क कायद्यातील एक छोटी तरतूद उठून दिसते. त्या कायद्याखाली मिळालेली जमीन विकता येत नाही, पण वारशाने पुढे जाते, आणि विवाहित जोडप्याच्या बाबतीत हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावाने नोंदवावेच लागते. कुटुंब एकटी बाई चालवत असेल तर ते तिच्या एकटीच्या नावाने होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर राबूनही जिचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते, तिचे नाव इथे पहिल्यांदा येते. ६ ते १२ मार्च २०१८ या काळात नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांच्या फुटलेल्या तळपायांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. वनहक्काचे रखडलेले दावे ही त्या मोर्चाची एक मुख्य मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून ही माणसे शेवटच्या रात्री झोप न घेता आझाद मैदानाकडे चालत राहिली.

मडक्यातले बियाणे

ज्यांचे नाव सर्वांना माहीत आहे अशा एका स्त्रीचे काम याच नजरेने पाहण्यासारखे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कोळी महादेव समाजातल्या. शाळेत त्या गेल्या नाहीत. हायब्रीड बियाणे आणि त्याबरोबर येणारी खते-औषधे गावात आली, तसे घरातले आजारपण वाढल्याचे त्यांना जाणवले, आणि त्यांनी गावरान बियाणे जमवायला सुरुवात केली: वालाचे नाना प्रकार, भात, भाज्या. 'बायफ' या संस्थेची साथ मिळाल्यावर घरातच बियाणे कोष उभा राहिला आणि कळसूबाई परिसरातल्या शेतकऱ्यांची बियाणे संवर्धन समिती तयार झाली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले, बीबीसीने २०१८ च्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांना घेतले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या कामाला नेतृत्व का म्हणायचे, हे थोडे उलगडले पाहिजे. पुढच्या पेरणीसाठी बियाणे निवडणे, ते वाळवणे, राख लावून मडक्यात ठेवणे हे शेतकरी घरात बायकांकडे असलेले काम. कोणते कणीस ठेवायचे आणि कोणते दळायचे, हा निर्णय ती घेते, आणि त्या निर्णयावर गावाचे पुढच्या वर्षीचे पीक ठरते. बाजारातून दरवर्षी पिशवी आणायला लागल्यापासून हा निर्णय तिच्या हातून गेला. बियाणे कोषाने तो परत आणला: नेलेले बियाणे हंगामानंतर दुपटीने परत करायचे, म्हणजे कोष वाढतो आणि वाण एका घरात अडकून पडत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. राहीबाईंच्या घरातला व्यवहार या हक्काचा चालताबोलता नमुना आहे.

अधिकारपदावर पोहोचलेल्या स्त्रीचेही एक उदाहरण द्यायला हवे, कारण पद आणि निर्णय तिथे एकत्र आले. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातल्या संथाळ समाजाच्या द्रौपदी मुर्मू २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपती झाल्या, तेव्हा पहिल्या आदिवासी राष्ट्रपती म्हणून त्यांचा सर्वत्र गौरव झाला. त्यांची सुरुवात १९९७ साली रायरंगपूरला नगरसेविका म्हणून झाली होती. पण त्या झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ साली, आदिवासी जमिनींविषयीच्या दोन जुन्या कुळकायद्यांत बदल करणारी विधेयके त्यांनी मंजुरी न देता सरकारला परत पाठवली, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. सत्काराच्या भाषणांत 'पहिल्या' या शब्दाला जेवढी जागा मिळते, तेवढी त्या परत गेलेल्या कागदांनाही मिळायला हरकत नाही.

सभेच्या दिवशी

गावपातळीवर अडते ते बहुधा साध्या गोष्टींत. ठराव प्रमाण मराठीत लिहिला जातो आणि सभेतल्या बायका माडिया, गोंडी, कोरकू किंवा भिलीत विचार करतात. सभा सकाळी ठेवली की पाणी-सरपणाची वेळ येते. मे महिन्यात ठेवली की तेंदूचा हंगाम असतो. हजेरीपटावर अंगठे नंतर घेतले जातात, आणि मग एक तृतीयांश स्त्रिया कागदावर हजर होतात. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याने नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद केली आहे. ती खरोखर घेतली गेली, तर मोठ्या सभेत काय बोलायचे हे बायका आधी आपसांत, आपल्या बोलीत ठरवून येतात. ज्या गावांत संस्था-संघटनांचे काम आहे तिथे ही सभा होते. इतर ठिकाणी तिचे इतिवृत्तच तेवढे लिहिले जाते.

म्हणून वनहक्काचा ठराव होताना ग्रामसेवकाने किंवा समितीच्या सचिवाने बायका मोजल्या का, आणि तो आकडा त्याच वेळी इतिवृत्तात घातला का, हे विचारण्याचा हक्क सभेतल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आहे. आणि हक्कपत्र हाती आले की पहिली ओळ वाचावी. नमुन्यात तिथे हक्कधारकाचे नाव लिहायचे असते, आणि त्यापुढे कंसात छापलेले असते: जोडीदारासह.